कोपऱ्यातला आकडा

दार लोटून घ्या आणि जरा जवळ सरकून बसा. मोठ्यानं सांगण्यासारखं नाही हे. मध्येच हसू आलं तर खुशाल हसून घ्या. मी स्वतः कॉम्प्युटरच्या धंद्यातला माणूस, दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मीच आधी खिदळलो असतो.

शिरोली एमआयडीसीला सोमवारी सुट्टी असते. अशाच एका सोमवारी सकाळी नाश्ता करून, पेन ड्राइव्ह खिशात टाकून मी पंचगंगेचा पूल ओलांडून निघालो. काम किरकोळ होतं. एका फौंड्रीत एका प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवायची, जुन्या मशीनमधली माहिती नव्यात ओढून घ्यायची आणि जेवायला घरी यायचं. बायकोला तसं सांगूनही आलो होतो.

त्या फौंड्रीशी माझा संबंध घरचा. माझी थोरली बहीण वर्षाराणी, तिचे यजमान आकाराम, म्हणजे माझे दाजी, उभा जन्म तिथेच कामाला होते. भट्टीतून लोखंडाचा रस निघाला की त्या घाण्याला तिथे ‘हीट’ म्हणतात. प्रत्येक हीटची नोंद जुन्या मशीनवर, म्हणजे तिथल्या जुन्या मोठ्या कॉम्प्युटरवर, चढवायची, हे दाजींचं काम. मशीन मागच्या खोलीत आणि दाजी पुढच्या ऑफिसात. पुढच्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम उघडला की मागच्या मशीनचा काळा पडदा आणि हिरवी अक्षरं समोर दिसायची. माणूस इथे बसून तिथलं काम करायचा, आणि हव्या त्या फायली इकडून तिकडे न्यायचीही त्यात सोय होती. दाजींना त्या हिरव्या अक्षरांचा इतका नाद की ताई म्हणायची, माझी सवत हिरवी आहे.

दाजी गेले त्याला दोन वर्षं झाली होती. हृदयाचं दुखणं झालं आणि आठवडाभरात कारभार आटोपला. दवाखान्यातही शेवटपर्यंत एकच विचारत होते, ‘आजची हीट चढवली का कुणी?’

रक्षाविसर्जनाला कावळा शिवेना. पानावर त्यांच्या आवडीचं सगळं होतं. आम्ही एकेक जण पुढे होऊन हात जोडून सांगत होतो. ताईला सांभाळतो म्हणालो, घराचा हप्ता फेडतो म्हणालो. कावळे वडावर बसून नुसते बघत होते. ऊन डोक्यावर आलं, लोक कुजबुजायला लागले. तेव्हा दाजींची एकुलती एक मुलगी क्रांती पुढे झाली आणि म्हणाली, “आप्पा, तुमचं काम बंद पडू देत न्हाय. मी बसतो तुमच्या खुर्चीत.” तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली उतरला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि घरी जाऊन जेवले. मीसुद्धा पोटभर जेवलो.

मालक उदयसिंह यांना माणूस हवाच होता. पोरगी कॉम्प्युटर शिकलेली, वडिलांचं काम बघितलेली. बसली ती त्या खुर्चीत. आणि मग दोन वर्षांनी तिला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. चांगला पगार, तिच्या शिक्षणाचं काम. बुधवारी हजर व्हायचं होतं. मालक भला माणूस. मला म्हणाले, “सोमवारी सगळं नव्या मशीनवर आणा, जुनं कायमचं बंद करा आणि पोरीला मोकळी करा.”

तेवढाच मामला होता. माहिती पूर्ण उतरली की जुनं मशीन बंद, आणि क्रांती पुण्याला.

ताईच्या मनात मात्र पाल चुकचुकली होती. “शब्द मोडल्यावानी हुईल का रे?” तिनं विचारलं.

“काम बंद कुठं पडालंय, ताई? ह्या मशीनवरनं त्या मशीनवर जातंय न्हवं,” मी म्हणालो. माझ्या हुशारीचं मला त्या वेळी फार कौतुक वाटलं होतं.

गेटवर कृष्णात वॉचमननं कुलूप काढून दिलं आणि तो पुन्हा मोबाइलवर कुस्त्या बघायला केबिनमध्ये गेला. सुट्टीच्या दिवशी फौंड्रीत गेलायत कधी? एरवी तिथे कानठळ्या बसतात. त्या दिवशी फक्त पत्र्यावर कबुतरं चालल्याचा आवाज येत होता. शटर खाली, त्यामुळे भर सकाळी आत तिन्हीसांजेसारखा उजेड. जळक्या वाळूचा वास, आणि त्यात साच्यांना लावतात त्या काकवीचा गोडसर वास मिसळलेला. भट्टी गार पडून होती. तिच्या बाजूनं जाताना मी उगाच पाय उचलून चालत होतो.

ऑफिसात क्रांती आधीच येऊन बसली होती. हसत होती. “मामा, बुधवारी जातो मी. रुचितानं खोली बगून ठेवल्या कर्वेनगरला.”

“जाते म्हण, जाते. पुण्यात हसतील तुला.” आमच्याकडे पोरीही ‘जातो, येतो’च म्हणतात.

“हसू देत की. मी बी हसतो त्यास्नी.”

ही रुचिता म्हणजे हातकणंगल्याची तिची कॉलेजातली मैत्रीण. दोघींनी एकत्र राहायचं ठरवलं होतं. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे इथवर बोलणी झाली होती. पोरीला इतकी बोलताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि मला मनापासून बरं वाटलं.

ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर मी नवी आवृत्ती बसवली. जुन्या आवृत्तीत फाइल निम्मी उतरली की लाइन तुटायची आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं, म्हणून तर ही खटपट. नवीन काय काय आलंय ते मी पुढाऱ्याच्या थाटात तिला वाचून दाखवलं. लाइन तुटली तर आपली आपण जोडून घेते. अर्धवट राहिलेली फाइल राहिली तिथूनच पुढे नेते. कुणी टाइप करत नसलं तरी मधून मधून पलीकडे एक खूण पाठवत राहते, म्हणजे पलीकडच्या मशीनला वाटतं की खुर्चीत माणूस बसलेला आहे. आणि शेवटचं, एकाच पडद्यावर अनेकांना काम करता येतं. किती जण आहेत तो आकडा वरच्या कोपऱ्यात दिसतो.

“आप्पास्नी हे आवडलं असतं,” क्रांती म्हणाली.

काम सुरू झालं. पडद्याच्या खालच्या भागात दोन चौकटी होत्या. डावीकडे जुनं मशीन, उजवीकडे आपला कॉम्प्युटर, आणि मध्ये उजवीकडे तोंड केलेला हिरवा बाण. माहिती सरकत होती. आम्ही थर्मासमधला चहा घेतला. तेवढ्यात क्रांती म्हणाली, “मामा, तुम्ही बी जोडलायसा काय?”

“मी कुठं? माझा लॅपटॉप बॅगेत हाय.”

तिनं बोट दाखवलं. कोपऱ्यात दोनचा आकडा होता.

एखादी खिडकी उघडी राहिली असेल म्हणून मी सगळ्या बंद केल्या. एकच ठेवली. आकडा दोनच. म्हातारं मशीन आहे, मोजायला चुकत असेल, असं मी म्हणालो आणि दुसरा कप ओतला. त्या फौंड्रीतल्या त्या मशीनला जोडलेला दुसरा कॉम्प्युटर जगात कुठेही नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही मी चहा प्यायलो.

मग वरच्या काळ्या पडद्यावर अक्षरं उमटायला लागली.

क्रांतीचे दोन्ही हात मांडीवर होते. माझ्या हातात कप. कीबोर्डवरचं एकही बटण दबत नव्हतं. आणि पडद्यावर आजच्या तारखेची हीट चढत होती. कार्बन, सिलिकॉन, रसाचं तापमान... भट्टी गार, शटर खाली, आणि तरी एकेक रकाना भरत होता. दोन रकाने झपझप भरायचे, मग थांबायचं. तंबाखू मळून व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग पुन्हा दोन रकाने.

“मामा...” क्रांतीचा आवाज एकदम खाली गेला. “आप्पा असंच भरायचे.”

मला ते कळलंच होतं. त्या खुर्चीशेजारी बसून मी कितीदा त्यांची थट्टा केली होती, की दाजी, तुमचा कॉम्प्युटर तंबाखूवर चालतो. मी घाबरलो होतो, यात लपवण्यासारखं काही नाही.

“आप्पा?” ती पडद्याकडे बघून म्हणाली.

अक्षरं थांबली. हिरवा ठिपका लुकलुकत राहिला. बराच वेळ... मग तो फक्त एका ओळीनं खाली सरकला, आणि ती ओळ रिकामी ठेवून वाट बघत बसला.

“त्याकडं बगू नको,” मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, “रुचिताला फोन लाव. सांग, दुपारपातूर मोकळी होतो म्हणून.”

“कोण रुचिता?”

“आता थट्टा नको हां, क्रांती.”

ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. एखाद्यानं अनोळखी गावाचा पत्ता विचारावा आणि आपल्याला तो माहीत नसावा, तसं ती बघत होती. “खरंच मामा, कोण?”

माझी नजर खालच्या चौकटींकडे गेली. मधला बाण फिरला होता. त्याचं तोंड आता डावीकडे होतं. इकडून तिकडे काहीतरी चाललं होतं, आणि मी काहीही पाठवायला सांगितलं नव्हतं. त्या नव्या कॉम्प्युटरमध्ये पाठवण्यासारखं काही नव्हतंच.

“बुधवारी कुठं जायचंय तुला?”

“बुधवारी...” तिनं आठवून बघितलं. “बुधवारी फौंड्री चालू असती की.”

“पुण्याला जायचंय न्हवं?”

“पुण्याला कशाला?”

मी काम थांबवायचं बटण दाबलं. थांबेना. मग टेबलाखाली शिरलो आणि केबल ओढून काढली. पडद्यावर आलं, ‘लाइन तुटली. पुन्हा जोडत आहे.’ माझ्या हातात केबलचं टोक होतं. आणि वर आलं, ‘जोडली. राहिल्या ठिकाणापासून पुढे.’

मी मागच्या खोलीत धावलो. अंधारात चाचपडत त्या मशीनचं मेन बटण बंद केलं. आतला पंखा घरघरत थांबला, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. लोखंडी पेटी हाताखाली निपचित झाली. परत आलो तर पुढच्या पडद्यावर बाण तसाच डावीकडे सरकत होता. सुट्टीच्या त्या शांततेत कबुतरंही गप झाली होती.

मी क्रांतीचा हात धरून तिला खुर्चीतून उठवायला गेलो. हात गार पडला होता. ती उठली नाही. माझ्याकडे मान वर करून हसली आणि म्हणाली, “पावणं, च्या घेणार न्हवं?”

मला आयुष्यात एकाच माणसानं पावणं म्हटलं. बहिणीच्या लग्नापासून ते मरेपर्यंत, भेटलो की चिडवायला पहिला शब्द तोच. तिचा आवाज घोगरा वगैरे झाला नव्हता. तिचाच होता, नेहमीचा, पोरीचा. म्हणूनच मी तिचा हात सोडला.

मी पडद्यासमोर हात जोडले. देवासमोर जोडावेत तसे. “दाजी... पोरीला सोडा. तिचं वय काय हाय? तिनं बोलल्यालं शब्द तिच्या माथ्यावर ठेवू नका. तुमचं काम मी बगतो. मी बसतो हितं. तिला जाऊ द्या.”

बाण थांबला.

कोपऱ्यातला आकडा बदलला. दोनाचा तीन झाला.

पडद्यावरची रिकामी ओळ हळूहळू वर सरकून गेली आणि सगळं काळं झालं. क्रांतीनं एक मोठा श्वास घेतला. “मामा, तुम्ही रडालायसा कशाला?” तिनं विचारलं. मामा म्हणाली, एवढं ऐकून मी तिला गाडीवर बसवली आणि घरी आणून सोडली. वाटेत पुलावर वारा लागला तेव्हा वाटलं, सुटलो.

कुठला सुटतोय. बुधवारी पहाटे आम्ही तिला घेऊन स्टँडवर गेलो. बॅग तिनंच भरली होती आधी, पण ती बॅग उचलून ती म्हणाली, “कुणाची ही?” पुण्याची गाडी लागली, भरली आणि निघून गेली. ती फलाटावर उभी राहून लोकांकडे बघत होती, बाहेर नुकतं उजाडत होतं, आणि तिनं घड्याळ बघून म्हटलं, “मला उशीर व्हायलाय, शिरोलीला सोडा.” मी सोडली. दुसरं काय करणार होतो?

रुचिताचे फोन येत राहिले. क्रांती शांतपणे ऐकायची आणि ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून द्यायची. डॉक्टरांनी ताण आहे म्हणून गोळ्या दिल्या. मी दोन दिवस ते जुनं मशीन पुन्हा चालू करून कोपरा न कोपरा शोधला. जे इकडून गेलं ते कुठे तरी उतरलं असेल ना? पाठवताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या मशीनमध्ये त्या दिवशी काहीही आलेलं नव्हतं. पोरीचं पुणं, तिची मैत्रीण, पडद्यांचे रंग, हे सगळं कुठे गेलं ते मला सांगता येत नाही, आणि जे कुठे आहे ते ठाऊक नाही ते परत कसं आणायचं? रात्र रात्र मी याच विचारानं रडलो आहे.

नवी आवृत्ती मी काढून टाकली आणि जुनी परत बसवली. मग लक्षात आलं की जुनीत तो कोपऱ्यातला आकडाच नाही. म्हणजे मोजणं थांबलं, बाकी काही नाही.

मालकांना बरंच वाटलं. काम सुरळीत आहे, म्हणतात, पोरगी बापापेक्षा भारी निघाली. ताई तर सुखातच आहे. पोरगी डोळ्यांसमोर राहिली, बापाचा शब्दही राहिला, असं ती चार बायकांत सांगते. फक्त झोपेत क्रांतीचं एक बोट चादरीवर आपटतं. थोडा वेळ गप, मग टक. थोडा वेळ गप, मग टक. ताईला वाटतं पोरगी थकते. ती खूण कुणाला जाते, ते मी ताईला सांगितलेलं नाही.

आणि मी? त्या बुधवारनंतर, मशीन धुंडाळण्याचे ते दोन दिवस सोडले तर, मी शिरोलीच्या रस्त्याला लागलेलो नाही. तिकडची गिऱ्हाइकं सोडली. दाजींना दिलेला शब्द मी पाळणार नाही असं ठरवलं होतं. भीतीनं बोललेला शब्द, त्याला कोण विचारतो, असं मनाला समजावलं होतं.

परवा ताईचा फोन आला. सहज बोलावं तसं म्हणाली, “क्रांतीनं आता तीन डबे द्याया सांगितल्यात. मागल्या म्हैन्यापासनं दोन न्हेत हुती, म्हटलं पोरगी भुकेची असंल. आता तीन. म्हणाली, तिसऱ्यात दोडका घालू नको, मामाला चालत न्हाय, वांगं घाल. तू कवापासनं जायालाईस रे कामाला? सांगितलं बी न्हाईस.”

मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला.

आज सकाळपासून मी या खोलीतून बाहेर पडलेलो नाही. बायकोला विचारा हवं तर, तिनं तीनदा जेवायला बोलावलं. तुम्ही येण्याच्या थोडं आधी ताईचा पुन्हा फोन आला होता. खूश होती. म्हणाली, “वांगं आवडलं वाटतं रे, तिन्ही डबे चाटून-पुसून आल्यात.”

आणि खरं सांगतो, बायकोच्या हाकेला मी उठलो नाही तो काही भीतीनं नव्हे. दुपारपासून माझं पोट भरलेलं आहे.